शिळा, कात्री आणि खळ

दगडावर चित्र काढून त्याची छाप कागदावर उमटवण्याच्या तंत्राला शिळामुद्रण म्हणतात, तर कागद, कापड, पत्रा, छापील चिठोरे असे आधीच तयार असलेले साहित्य कापून एका पृष्ठभागावर चिकटवून केलेल्या रचनेला कोलाज म्हणतात. आधुनिक कलादालनांत ज्या मुद्राचित्रांमध्ये ही दोन्ही तंत्रे एकत्र आलेली दिसतात, त्यांची ओळख सहसा पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथील कलावंतांच्या नावांनी करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण शिळाछाप चित्रावर परके साहित्य लावून त्याचे रूप पालटण्याची एक समृद्ध रीत महाराष्ट्रात छापलेल्या चित्रांच्या वाट्यालाही आली होती आणि तिचा पुरावा आजही जुन्या तसबिरींच्या काचेमागे टिकून आहे. तिचा भूगोलही आटोपशीर आहे. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला, आणि मुंबई व मळवली यांना जोडणारा लोहमार्ग कल्याण सोडल्यावर आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांमधूनच घाटाकडे जातो. याच मार्गावर अंबरनाथला पुढे आगपेट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि आगपेटीवरचा छाप हे छापून नंतर चिकटवायच्या चित्राचे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

शिळामुद्रणाचा शोध म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात लावला. तो नाटककार होता आणि आपली नाटके स्वस्तात छापण्याचा मार्ग शोधत होता. त्याने वापरलेला दगड म्हणजे बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील अतिशय बारीक कणांचा चुनखडक होय, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या शिळाप्रेसना हाच दगड सर्वोत्तम वाटत राहिला. या तंत्राचा सगळा आधार तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गोष्टीवर आहे. लाकडी ठशात चित्राचा भाग उंच ठेवावा लागतो, तांब्याच्या पत्र्यात तो खोल कोरावा लागतो. शिळेवर मात्र चित्र आणि कोरी जागा एकाच पातळीवर राहतात व त्यांच्यातला भेद निव्वळ रासायनिक असतो. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांपासून केलेल्या स्निग्ध कांडीने घासून सपाट केलेल्या दगडावर चित्र काढले की त्या कांडीतील मेदाम्ले दगडातील कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा एक स्निग्ध थर दगडाच्या अंगातच तयार होतो. त्यानंतर बाभळीच्या जातीच्या झाडापासून मिळणारा डिंक आणि किंचित नत्राम्ल यांचे मिश्रण दगडावर फिरवतात. त्यामुळे जिथे चित्र नाही तिथे डिंकाचा पातळ पापुद्रा बसून ती जागा पाणी धरून ठेवू लागते. मग टर्पेंटाइनने मूळ रेखाटन पुसून टाकले जाते. हा क्षण नवख्याला घाबरवणारा असतो, कारण डोळ्यांना चित्र गेलेले दिसते, पण ओल्या दगडावरून तेलकट शाईचा रूळ फिरवताच शाई पूर्वीच्या स्निग्ध जागाच नेमक्या धरते आणि चित्र पुन्हा उभे राहते. त्यावर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटते. ती उलटी उमटते, त्यामुळे अक्षरे दगडावर आरशातल्यासारखी लिहावी लागतात.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते आणि एकाच कागदावर या सर्व शिळांच्या छापा एकीवर एक अचूक बसवाव्या लागतात. या जुळणीला छपाईच्या धंद्यात रजिस्टर जुळवणे म्हणतात. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून अशा रंगीत शिळाछापावर शेवटी वार्निशचा हात दिला आणि कधी कधी कॅनव्हासची वीण दाबून उमटवली, की त्या चित्राला ओलिओग्राफ हे नाव मिळे. छपाई संपल्यावर दगड पुन्हा घासून कोरा करता येई, आणि महाग दगडाच्या बाबतीत तसे केलेही जाई. म्हणून शिळाछापाच्या बाबतीत मूळ चित्र कुठे आहे असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. ज्या दगडावरून हजारो प्रती निघाल्या त्या दगडावर आज दुसरेच काही असण्याची शक्यता मोठी असते.

मराठी मुलखात ही कला लवकर आली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात शिळाप्रेस घातला आणि त्यासाठी लागणारी शाईदेखील स्वतःच्या प्रयोगांतून तयार केली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळेची स्थापना केली. देवादिकांच्या आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांच्या रंगीत शिळाछापांमुळे हे नाव घरोघर पोहोचले, आणि देशाभिमान जागवण्याचे साधन म्हणून चित्राकडे पाहण्याची सवय मराठी समाजाला लागली. रविवर्मा यांचा छापखाना या वाटेवरचा पुढचा टप्पा होता. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ आणि भारतीय पुराणकथा यांच्या मेळातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांच्या चित्रांनी देवघराचे आणि दिवाणखान्याचे रूप बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभी हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि पुढेही दीर्घकाळ चालला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर चित्र उतरवण्याचे काम केले होते. ज्या माणसाने पुढे फिल्मच्या पट्ट्या कापून आणि जोडून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्याचा हात शिळाछापावर बसलेला होता, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

छापखान्यातून बाहेर पडलेल्या ओलिओग्राफचे पुढे जे होई, ते कोलाजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक घरांत ही चित्रे जशीच्या तशी भिंतीवर गेली नाहीत. चित्रातील लक्ष्मीच्या रंगवलेल्या साडीवर खऱ्या रेशमाचा किंवा मखमलीचा तुकडा त्याच घड्यांच्या आकारात कापून बसवला जाई, काठाच्या जागी जरीची पट्टी येई, दागिन्यांच्या जागी मणी, टिकल्या आणि खडे लावले जात. हे साहित्य कधी खळीने, म्हणजे पिठाच्या चिकीने, चिकटवलेले असे, तर कधी कागदातून सुई घालून टाचलेले असे. चेहरा, हात आणि पाय मात्र बहुतेक वेळा मोकळे सोडले जात. सजवणाऱ्याचा हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. त्वचेचे मऊ चढउतार दाखवण्यात शिळामुद्रण अत्यंत समर्थ आहे, कारण कांडीच्या हलक्या-भारी दाबाने दगडाच्या रव्यावर छायेच्या अगणित पायऱ्या मिळतात. पण कापडाची चकाकी आणि धातूचा उजेड छापील शाईत कितीही प्रयत्न केला तरी पुरता येत नाही. सजवणाऱ्या हातांनी छपाईची ताकद जिथे आहे तिथे तिला स्पर्श केला नाही आणि जिथे ती तोकडी पडते तिथेच खरे साहित्य आणले. कोणत्याही कलाशाळेने याहून अचूक माध्यमज्ञान शिकवले असते असे वाटत नाही.

या सजावटीची पूर्वपीठिका दक्षिणेत होती. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रपरंपरेत लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख, काच आणि खडे बसवून देवतांच्या मूर्ती उठावदार केल्या जात, आणि कृष्णमूर्तीच्या अंगावरच्या मोत्यांना रंगाने भागवणे तिथे पुरेसे मानले जात नसे. राजस्थानातील नाथद्वाऱ्याला ‘मनोरथ’ नावाच्या चित्रप्रकारात श्रीनाथजीची पूजा करणारे कुटुंब हाताने रंगवून त्यांचे चेहरे मात्र छायाचित्रांतून कापून चिकटवत. युरोपातही एकोणिसाव्या शतकात फुले, मुले, देवदूत यांचे रंगीत शिळाछाप खास कापून वह्यांत चिकटवण्यासाठी विकले जात. म्हणजे छापील चित्र कापणे, झाकणे, त्यावर काही बसवणे हा घरगुती व्यवहार तेव्हा जगाच्या अनेक भागांत चालू होता. मात्र त्याला कला म्हणून नाव नव्हते आणि करणारे त्यावर सही करत नव्हते.

हे नाव १९१२ मध्ये मिळाले असे कलेचा इतिहास मानतो. त्या वर्षी पाब्लो पिकासो याने एका स्थिरवस्तुचित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आपल्या रेखाटनात बसवला. दोघांनीही जे चिकटवले ते यंत्राने छापलेले, स्वस्त आणि नक्कल करणारे साहित्य होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचा हेतू चित्र खरे काय दाखवते आणि काय भासवते यावर बोट ठेवण्याचा होता. ओलिओग्राफवर रेशीम लावणाऱ्याची दिशा याच्या अगदी उलट होती: पिकासोने हाताने काढलेल्या चित्रात छापील नक्कल आणली, तर भारतीय घराने छापील चित्रावर खरी वस्तू आणली. पहिल्याने भासावरचा विश्वास ढिला केला आणि दुसऱ्याने देवतेचे सान्निध्य दाट केले, पण दोन्हीकडे एक गोष्ट समान घडली. हजार प्रतींपैकी एक असलेला छापील कागद चिकटवणीमुळे एकमेव झाला. छपाई आणि कोलाज यांच्या संयोगाचे सगळे सामर्थ्य या एका ताणात आहे, कारण पहिले तंत्र सारखेपणा निर्माण करते आणि दुसरे तो मोडते.

भारतीय आधुनिक कलेत या दोन दिशांची गाठ घालण्याचे श्रेय भूपेन खख्खर यांना द्यावे लागते. १९३४ मध्ये मुंबईत जन्मलेले आणि १९६२ मध्ये बडोद्याला गेलेले खख्खर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास केलेल्या कामांत बाजारात मिळणारी देवदेवतांची छापील चित्रे कापून चिकटवली आणि त्यांभोवती भिंतीवरच्या रेघोट्या व रंगांचे फराटे आणले. त्या वेळी गंभीर चित्रकार कॅलेंडरच्या देवांकडे तुच्छतेने पाहत असत. खख्खर यांनी तीच चित्रे चित्राच्या मध्यभागी ठेवून आधुनिक कलेच्या शिष्ट अभिरुचीला धक्का दिला. त्यांचे काम दाखवणारी मुंबईची केमोल्ड गॅलरी मुळात तसबिरींच्या चौकटी तयार करणाऱ्या उद्योगातून उभी राहिली होती, ही बाब योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे.

अंबरनाथचा दुवा याहून सामान्य आणि म्हणूनच अधिक व्यापक आहे. भारतात आगपेट्या आरंभी स्वीडन, जपान, ऑस्ट्रिया अशा देशांतून येत, आणि भारतीय गिऱ्हाइकाला ओळखीची वाटावीत म्हणून त्यांच्या छापांवर देवदेवता, राजे, हत्ती, गायी यांची चित्रे परदेशातच छापली जात; रविवर्मा यांच्या चित्रांवरून बेतलेल्या प्रतिमाही या चिमुकल्या कागदांवर उतरल्या. १९२२ मध्ये सरकारने आगपेट्यांवरील आयातकर वाढवला, तेव्हा आयव्हर क्रूगर याच्या स्वीडिश कंपनीने भारतातच उत्पादन करण्याचे ठरवले आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विम्को, स्थापन झाली. तिचा अंबरनाथचा कारखाना शहराच्या औद्योगिक ओळखीचा पाया ठरला आणि विम्को नाका हे नाव आजही तिथल्या पत्त्यांत वावरते. काडेपेटीचा छाप हा कलावस्तू म्हणून तयार होत नाही, पण त्याची घडण तपासली तर त्यात मुद्रण आणि चिकटवणी अविभाज्य आहेत: एका मोठ्या कागदावर तेच चित्र कितीतरी वेळा छापायचे, कापून वेगळे करायचे आणि लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या पेटीवर खळीने बसवायचे. पेटी रिकामी झाली की तो छाप पाण्यात भिजवून सोडवणे, वाळवणे आणि वहीत चिकटवणे हा अनेक पिढ्यांच्या मुलांचा छंद होता, आणि त्या वह्यांची पाने पाहणाऱ्याला पुनरुक्तीतून आकृतिबंध तयार करणारी रचना त्यांत सहज दिसते.

आधुनिक कार्यशाळेत शिळामुद्रण आणि कोलाज यांचा संयोग मुख्यतः कोणते काम आधी करायचे यावर ठरतो. छाप काढून झाल्यावर तुकडे चिकटवले तर चिकटवलेला भाग छापील पृष्ठभागाच्या वर उठून राहतो, आणि डोळा त्या दोन पातळ्यांमधील फरक लगेच टिपतो. आधी कागदाचे तुकडे चिकटवून मग त्यावर शिळेची छाप घेतली तर शाई सांध्यांवरून अखंड जाते आणि दोन परके कागद एका रेषेने बांधले जातात. मात्र कडा जाड असतील तर दाब असमान पडून तिथे छाप पुसट येते, म्हणून असे तुकडे पातळ असावे लागतात. तिसरी रीत शीन कोले या फ्रेंच नावाने ओळखली जाते. तिच्यात अतिशय पातळ, बहुधा जपानी, कागदाच्या पाठीला खळ लावून तो शिळेवर तोंड खाली करून ठेवतात, त्यावर जाड कागद येतो, आणि प्रेसमधून जाताना एकाच दाबात पातळ कागदावर चित्र छापले जाते व तो जाड कागदाला कायमचा चिकटतो. यातून मिळणारी छाप विलक्षण नाजूक असते, कारण पातळ कागद दगडावरचा बारीकातला बारीक रवा उचलतो. चौथ्या रीतीत कोलाज छापील कागदावर नसतेच. वर्तमानपत्रातील चित्रे किंवा छायाचित्रे रासायनिक मार्गाने दगडावर अथवा धातूच्या प्लेटवर उतरवतात आणि तुकड्यांची जुळवणी तिथेच होते, त्यामुळे अंतिम छाप सपाट असते आणि तुटकपणा फक्त प्रतिमेत राहतो.

या शेवटच्या रीतीचा मोठा वापर अमेरिकी कलावंत रॉबर्ट राउशेनबर्ग याने केला. १९६२ मध्ये शिळामुद्रणाकडे वळलेल्या या कलावंताची शिळा पुढच्याच वर्षी प्रेसमध्ये फुटली, तेव्हा त्याने ती टाकून न देता फुटलेल्या दगडावरूनच छपाई केली, आणि तडा हाच ‘अ‍ॅक्सिडेंट’ नावाच्या त्या चित्राचा मुख्य आकार झाला. त्याला १९६३ मध्ये ल्युब्लियाना येथील मुद्राचित्रांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये त्याने स्वतःच्या देहाच्या क्ष-किरण प्रतिमांवरून ‘बूस्टर’ हे सुमारे सहा फूट उंचीचे मुद्राचित्र लॉस एंजेलिसमध्ये मुद्रक केनेथ टायलर याच्याबरोबर केले. याच टायलरच्या मदतीने पुढे सिंगापूरमध्ये मुद्रणसंस्था उभी राहिली, आणि तिथे २००५ मध्ये मुंबईच्या घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी नंदलाल बोस यांच्या शबरीच्या चित्रांचा धागा धरून हातकागदाचा ओला लगदा आणि मुद्रणाची निरनिराळी तंत्रे एकत्र आणणारी मालिका केली. रामाची वाट पाहणारी शबरी ज्या मुलखाच्या कीर्तनांत आणि तसबिरींत नित्य भेटते, तिथल्या कलावंताने तिला पुन्हा कागदाच्या अंगातच घडवावे, हे ओलिओग्राफवर रेशीम लावणाऱ्या हातांच्या जवळ जाणारे काम आहे.

दगड आज रोजच्या छपाईतून हद्दपार झाला असला तरी शिळामुद्रण संपलेले नाही. ऑफसेट छपाईत धातूच्या पातळ प्लेटवर तेल आणि पाण्याचा तोच न्याय चालतो. फरक इतकाच की प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर जाते, त्यामुळे चित्र प्लेटवर उलटे काढण्याची गरज उरत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून १९४९ मध्ये उल्हासनगर आकाराला आले, आणि पाण्यावर कमळात बसलेल्या, पांढऱ्या दाढीच्या झुलेलाल या सिंधी दैवताची जी तसबीर तिथल्या दुकानांत दिसते, ती याच छपाईची संतती आहे. लग्नपत्रिकेचा प्रकारही अभ्यासण्यासारखा आहे, कारण ऑफसेटवर छापलेल्या पत्रिकेवर सोनेरी वर्खाचा गणपती वेगळा कापून चिकटवलेला, मध्ये जाळीचा कागद घातलेला आणि वरून खडे बसवलेले असे थर जेव्हा दिसतात, तेव्हा सजवलेल्या ओलिओग्राफचीच रीत धंद्याच्या गतीने चालू आहे असे म्हणावे लागते. ती यंत्रवत झाली आहे हे खरे, आणि घरच्या साडीचा तुकडा लावण्यातली माया तिच्यात उरलेली नाही हेही खरे.

उल्हास नदीच्या खोऱ्यात अशी मिश्र चित्रे जपणे कठीण आहे. बदलापूरने २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये महापूर पाहिले. पण पूर आला नाही तरी चार महिन्यांची दमट हवा कागद, पीठ आणि धातू या तिघांनाही सोसत नाही. खळीचे पीठ बुरशीला आणि कसरीला अन्न पुरवते. कागद ओलाव्याने फुगतो तेव्हा त्याला चिकटलेले रेशीम त्याच प्रमाणात फुगत नाही, त्यामुळे सांधा ताणला जाऊन कागदाला सुरकुत्या पडतात. जरीच्या तारेतील चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळी पडते आणि तिच्या आतले तांबे उघडे पडले की हिरवट डाग कागदात उतरतात. म्हणून अशी तसबीर बाहेरच्या, पावसाने ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये, काच चित्राला टेकू न देता मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची पट्टी घालावी, आणि प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंतच ठेवावा, हे संग्रहालयांचे नियम घरालाही लागू पडतात.

सर्वांत मोठा धोका मात्र सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीचा असतो. जुने कापड विटले म्हणून ते खरवडून मूळ रविवर्मा बाहेर काढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यात कागदाचा वरचा थर शाईसकट निघून येतो. खरे तर या कापडाने त्याच्याखालचे रंग प्रकाशापासून वाचवलेले असतात. एखादा काठ आपोआप सुटलेला असेल तर त्याच्या खाली डोकावून मूळ छापील साडीचा रंग किती ताजा होता ते तज्ज्ञाला पाहता येते, आणि त्यावरून उरलेले चित्र किती फिके झाले याचा अंदाज बांधता येतो. अशीच काळजी कागदाच्या खालच्या कडेची घ्यावी, कारण चित्राचे शीर्षक आणि छापखान्याचे नाव बहुधा तिथेच छापलेले असते, आणि नव्या चौकटीत बसावे म्हणून फ्रेमवाला पहिली कात्री नेमकी त्याच कडेवर चालवतो.